मूक झालेली कळ

सकाळचे सात वाजलेले असतात. चाळीस मीटरच्या लघुलहरी पट्ट्यावर हौशी रेडिओचालकांची रोजची ‘नेट’ भरलेली असते. शाळेत हजेरी घ्यावी त्याप्रमाणे नेटचा संचालक एकेक नाव पुकारत जातो. कोणी नाशिकहून ओ देतो, कोणी हुबळीहून, कोणी हैदराबादहून. एका नावापाशी संचालक थांबतो. पुन्हा पुकारतो, तिसऱ्यांदा पुकारतो. कानांवर फक्त वातावरणाची खरखर येते. ‘ठीक आहे, पुढचे स्थानक,’ असे म्हणून हजेरी पुढे सरकते. पाच-सहा दिवस असेच जातात आणि मग एके सकाळी कोणीतरी जड आवाजात ती बातमी सांगतो. त्यानंतर थोडा वेळ कोणीच बोलण्याचे बटण दाबत नाही. अशी सकाळ प्रत्येक नेटवर केव्हा ना केव्हा येतेच.

ज्याच्याविषयीची ही बातमी असते, त्याला तेथील बहुतेकांनी कधी पाहिलेलेही नसते. तो उंच होता की ठेंगणा, त्याच्या घरात कोण कोण होते, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र बोलण्यापूर्वी तो कसा खाकरतो, कोणत्या शब्दावर अडखळतो, पावसाळ्यात त्याची अँटेना कितीदा कोसळते, हे त्यांना पंधरा-वीस वर्षांच्या सहवासाने पाठ झालेले असते. अशा माणसासाठी किती शोक करायचा? समाचाराला कोणाच्या घरी जायचे? कार्यालयात रजा मागायची झाली, तर मृताशी नाते काय म्हणून सांगायचे?

हे प्रश्न आता मूठभर रेडिओवेड्यांपुरते राहिलेले नाहीत. पक्षिनिरीक्षण, पत्राद्वारे खेळायचे बुद्धिबळ, नाणी वा तिकिटे जमविणे, संगणकावरील खेळ अशा कोणत्याही छंदातून दूरदेशी जिव्हाळ्याची माणसे जोडली जातात आणि एके दिवशी त्यांच्यापैकी एखादा नाहीसा होतो. या अनुभवाला हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’, इतरांच्या कितीतरी आधी सामोरे गेले. शंभर वर्षांत त्यांनी आपल्यापुरते काही संकेत, काही रीती निर्माण केल्या. त्या समजून घेणे आज सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

नावाआधीचे नाव

हॅम होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर सरकारकडून परवाना मिळतो आणि त्याबरोबर ‘कॉल साइन’, म्हणजे संबोधचिन्ह, मिळते. भारतातील हॅम मंडळींचे चिन्ह साधारणपणे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. पुढे एक अंक येतो आणि त्यापुढे दोन-तीन अक्षरे. माजी पंतप्रधान राजीव गांधी हे परवानाधारक हॅम होते आणि त्यांचे चिन्ह ‘व्हीयू२आरजी’ असे होते. एका वेळी एक चिन्ह जगात एकाच परवानाधारकाचे असते. त्यामुळे हॅम मंडळींत माणूस आधी चिन्हाने ओळखला जातो. नाव मागून कळते आणि आडनाव पुष्कळदा कळतही नाही.

जॉर्डनचे राजे हुसेन यांचे चिन्ह ‘जेवाय१’ होते. ते रेडिओवर येत, तेव्हा आपले नाव केवळ ‘हुसेन’ एवढेच सांगत. पलीकडचा माणूस शिक्षक असो वा गवंडी, बोलणे बरोबरीच्या नात्याने होई. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा जॉर्डनने आपला राजा गमावला आणि जगभरच्या असंख्य हॅम मंडळींनी आपल्यातील एक जण गमावला. २०१८ च्या डिसेंबरात अवकाशात सोडण्यात आलेल्या जॉर्डनच्या पहिल्या छोट्या उपग्रहाला ‘जेवाय१सॅट’ हे नाव देण्यात आले. एका छांदिष्टाचे संबोधचिन्ह असे पृथ्वीभोवती फिरू लागले.

या संभाषणांत बोलले तरी काय जाते? नवख्याला ते फारच कोरडे वाटेल. तुमचा संदेश किती स्पष्ट येतो आहे, तुम्ही कोठून बोलता, संच कोणता, अँटेना कोणती, हवा कशी आहे, असा तो मजकूर असतो. व्यापारी देवघेवीला या लहरींवर बंदी आहे आणि राजकारण व धर्म हे विषय टाळण्याचा शिष्टाचार आहे. शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणून निरोप घ्यायचा. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेल्या या ७३ आकड्याचा अर्थ ‘शुभेच्छा’ असा आहे. इतक्या मोजक्या सामग्रीवर मैत्री कशी उभी राहते, याचे नवल वाटू शकेल. पण शेजारच्या बाकावर बसून रोज लोकलने जाणाऱ्या दोन माणसांचे बोलणेही याहून फार खोल नसते. एकमेकांची सवय होणे, उद्या तो तेथे असणार हे गृहीत धरता येणे, यातच त्या स्नेहाचे बळ असते.

शिवाय हे लोक केवळ गप्पा मारत नाहीत. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला, तेव्हा दूरध्वनी बंद पडलेल्या भागातून निरोप पोहोचविण्याचे काम हॅमनी केले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम महिला आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. छंदापोटी अंदमानात उभारलेले त्यांचे स्थानक काही तासांत मदतकार्याचे साधन बनले. ‘अमुक माणूस सुखरूप आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर अनोळखी कुटुंबांपर्यंत नेऊन पोहोचविणे, हे हॅम आपले कर्तव्य मानतात. दुसऱ्यांच्या जिवाची खबर वाहून नेणाऱ्या या माणसाची स्वतःची खबर मात्र त्याच्या सोबत्यांपर्यंत कोणी पोहोचवायची, हे बहुधा कोणीच ठरवून ठेवलेले नसते.

हाताची ओळख

आवाजावरून माणूस ओळखता येतो हे आपण जाणतो. पण मोर्स लिपीत तर आवाजही नसतो. असतात ते केवळ ऱ्हस्व आणि दीर्घ नाद. तरीही सरावलेला कान दोन-चार अक्षरांत पाठविणारा ओळखतो. कोणी दीर्घ नाद अंमळ लांबवतो, कोणी दोन शब्दांमध्ये किंचित जास्त थांबतो, कोणाच्या एखाद्या अक्षराला स्वतःचीच लकब असते. इंग्रजीत या ढंगाला ‘फिस्ट’, म्हणजे मूठ, म्हणतात. हस्ताक्षराइतकीच ती ज्याची त्याची असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची श्रवणकेंद्रे जर्मन संदेशवाहकांना त्यांच्या या ढंगावरून ओळखत. तुकडीचे नाव आणि ठिकाण बदलले तरी हात तोच आहे, हे श्रवणकेंद्रातील माणसाला कळत असे.

अशा हातात वार्धक्यही ऐकू येते. वेग मंदावतो, चुका वाढतात, एकच अक्षर दोनदा पाठवावे लागते. पलीकडचा स्नेही काही विचारत नाही. तो आपलाही वेग त्याच्या बेताने कमी करतो. मंद पाठविणाऱ्याला मंद उत्तर द्यावे, हा मोर्सच्या जगातील जुना शिष्टाचार आहे. नवशिक्यासाठी तो उपयोगी पडतो, तसाच थकलेल्यासाठीही. २०१७ पासून संगणकाच्या साहाय्याने अतिक्षीण संकेत पाठविण्याची ‘एफटी८’ ही पद्धत झपाट्याने पसरली. तिच्यामुळे साध्या साधनांनीही जग गाठता येते, मात्र तिच्यात पाठविणाऱ्याचा हात उरत नाही. जुन्या मंडळींना ती रुचत नाही, याचे हेही एक कारण असावे.

शांततेचे अनेक अर्थ

एखाद्याचा आवाज येईनासा झाला, म्हणजे तो गेला असे समजायचे का? लघुलहरींवर हा प्रश्न विशेष अवघड आहे. या लहरी पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. आयनांबराची अवस्था तासातासाला आणि ऋतूऋतूला बदलते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. ते ओहोटीला लागले, की वरच्या वारंवारितांचे पट्टे बराच काळ जवळजवळ निर्जीव होतात. २०१९ च्या अखेरीस अशीच नीचांकी अवस्था होती. भरतीच्या वर्षांत रोज ऐकू येणारा अटलांटिकपलीकडचा स्नेही अशा काळात चार-पाच वर्षे ऐकूच येत नाही; मग डाग वाढतात आणि एका संध्याकाळी तो काल भेटल्यासारखा पुन्हा बोलू लागतो.

याखेरीज साध्यासुध्या अडचणीही असतातच. संच जळतो, गच्चीवरील खांब वादळात पडतो, गृहनिर्माण संस्था अँटेनेला हरकत घेते, मुलाच्या बदलीमुळे घर बदलते, आजारपण येते. हॅमला त्यामुळे शांततेचे वाईट अर्थ न लावण्याची सवय लागलेली असते. हीच सवय पुढे त्याला छळते. शेजारी वारला तर दारासमोर गर्दी जमते आणि मृत्यू एका क्षणात स्पष्ट होतो. येथे मात्र तो हळूहळू उकलतो. प्रथम वाटते, हवा खराब असेल. मग वाटते, गावाला गेला असेल. मग कोणीतरी पत्ता शोधून पत्र टाकतो. उत्तर येण्यात आणखी काही आठवडे जातात. ज्या दिवशी बातमी कळते, त्या दिवसापर्यंत घरच्यांचे सगळे विधी उरकलेले असतात. घरच्यांचे अश्रू सुकू लागतात, त्या सुमारास दूरच्या मित्राचा शोक सुरू होतो.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा अनिश्चित अवस्थेला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाची संज्ञा दिली. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की निश्चित बातमी नसेल तर शोकाला सुरुवातच करता येत नाही. रेडिओमित्राचा वियोग तितका भीषण नसतो, हे खरे. पण त्याची जात तीच आहे.

‘सायलेंट की’

मरण पावलेल्या हॅमला त्याचे सोबती ‘सायलेंट की’, म्हणजे मूक झालेली कळ, म्हणतात. येथे कळ म्हणजे मोर्स संदेश पाठविण्याची, बोटांखाली खालीवर होणारी पट्टी. त्याच्या संबोधचिन्हापुढे ‘एसके’ ही दोन अक्षरे लिहिली जातात. योगायोग असा, की मोर्समध्ये ‘एस’ आणि ‘के’ जोडून पाठविले, की त्याचा अर्थ ‘संभाषण समाप्त’ असा होतो. दिवसाकाठी दहादा वापरायची खूण शेवटी माणसाच्याच नावापुढे लागते.

अमेरिकेतील हॅम संघटना १९१४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे ‘क्यूएसटी’ हे मासिक निघाले. या मासिकात ‘सायलेंट कीज’ हे सदर चालत आले आहे. त्यात कोणाची चरित्रे नसतात, गुणगान नसते. असते ती दिवंगतांची केवळ यादी. या यादीत नाव घालण्यासाठी पुरावा मागितला जातो: कुटुंबीयांचे पत्र, वृत्तपत्रातील निधनवार्ता किंवा मृत्यूचा दाखला. हा रुक्षपणा आहे असे वरवर वाटेल. पण जेथे शांततेचे इतके अर्थ संभवतात, तेथे ऐकीव बातमीवर कोणाला मृत ठरवणे किती क्रूर होईल, हे त्या लोकांना अनुभवाने समजलेले आहे. शोकापूर्वी खातरजमा करणे, हा येथे आदराचाच भाग आहे.

या संघटनेचे एक संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम यांचे संबोधचिन्ह ‘डब्ल्यू१एडब्ल्यू’ होते. मासिकात ते ‘म्हातारबुवा’ अशा अर्थाच्या टोपणनावाने लिहीत. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ कनेक्टिकट राज्यातील न्यूइंग्टन येथे १९३८ मध्ये उभारलेले स्थानक त्यांच्याच चिन्हाने चालते. आजही तेथून मोर्सचे सरावपाठ प्रक्षेपित होतात. गेलेल्या माणसाच्या नावाने कित्येक पिढ्या पहिली अक्षरे गिरवत आल्या आहेत. पुतळ्यापेक्षा हे स्मारक अधिक जिवंत म्हटले पाहिजे.

सामान्य हॅमच्या वाट्याला असे स्मारक येत नाही. तरी अमेरिकेत परवानाधारक वारला, तर त्याचे चिन्ह दोन वर्षांपर्यंत परक्या माणसाला दिले जात नाही. जवळच्या नातेवाइकाला, किंवा तो ज्याचा सभासद होता त्या क्लबला, ते त्याआधी मिळू शकते. वडिलांच्या चिन्हासाठी मुलीने परीक्षा देणे, असेही त्यामुळे घडते. नियमाच्या कोरड्या भाषेत शोकासाठी ठेवलेली ही थोडीशी मोकळी जागा आहे.

उरलेली देणी

हॅम मंडळींत पहिल्या संभाषणानंतर एकमेकांना एक कार्ड पाठविण्याची चाल आहे. पोस्टकार्डाएवढ्या या कार्डाला ‘क्यूएसएल’ म्हणतात. त्यावर पाठविणाऱ्याचे चिन्ह, संभाषणाची तारीख, वेळ आणि वारंवारिता लिहिलेली असते. आपण बोललो, याची ती पावती. टपालखर्च वाचावा म्हणून अनेक देशांतील संघटना ही कार्डे गठ्ठ्यांनी एकमेकींकडे पाठवितात. त्यामुळे एखादे कार्ड पोहोचायला महिनेच नव्हे, वर्षेही लागतात. दरम्यान पाठविणारा जग सोडून गेलेला असतो आणि त्याच्या अक्षरातील ‘लवकरच पुन्हा भेटू’ हे वाक्य टपालातून हाती पडते.

याची उलट बाजूही आहे. मृत हॅमच्या टेबलावर न पाठविलेल्या कार्डांचा ढीग असतो, नोंदवहीत शेकडो संभाषणे पावतीविना राहिलेली असतात. अशा वेळी एखादा मित्र कुटुंबाच्या अनुमतीने ती नोंदवही आणतो आणि वर्षानुवर्षे त्याच्या वतीने कार्डे भरून पाठवीत राहतो. त्याला कोणी सांगितलेले नसते आणि मोबदलाही मिळत नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे देणे फेडल्याशिवाय त्याला सद्गती नाही, असे म्हणत. हे कार्ड त्याच जातीचे देणे आहे.

या कार्डांचे मोल एका उदाहरणावरून कळेल. शिकागोत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू मार्शल मोरान यांनी १९५१ मध्ये काठमांडूजवळ गोदावरी येथे शाळा सुरू केली. पुढे ते ‘९एन१एमएम’ या चिन्हाने रेडिओवर येऊ लागले. नेपाळमधून नियमित ऐकू येणारा, बराच काळ जवळजवळ एकमेव असा तो आवाज होता. शेवटच्या दोन अक्षरांसाठी ते ‘मिकी माऊस’ असे सांगत आणि जगभरच्या श्रोत्यांना हसू फुटे. हजारो लोकांच्या लेखी नेपाळ म्हणजे हिमालय नव्हे, तर हा एक मिस्कील वृद्ध स्वर होता. १९९२ मध्ये फादर मोरान निवर्तले. ज्यांनी त्यांना कधीही पाहिले नव्हते, त्यांच्या घरी त्यांचे कार्ड मात्र होते. शोकाला हाताने धरता येईल अशी काहीतरी वस्तू लागते. ती या छंदाने आधीच देऊन ठेवलेली असते.

ही कार्डे पुढे रद्दीत जाऊ नयेत, म्हणूनही कोणी झटत असते. ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे रेडिओविषयक दस्तऐवजांचा एक मोठा संग्रह आहे. दिवंगत हॅम मंडळींचे कार्डसंग्रह तेथे स्वीकारले जातात आणि देशवार लावून जतन केले जातात.

आई-वडिलांना न दिसलेला मुलगा

घरचे आणि दूरचे यांच्यातील दरी किती खोल असू शकते, हे रेडिओबाहेरील एका घटनेने जगापुढे आणले. नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायू क्षीण करणारा, ड्यूशेन नावाचा जन्मजात आजार होता. तो चाकांच्या खुर्चीला खिळलेला होता. पुढे पुढे त्याची केवळ बोटे थोडीफार हलत. दिवसाचे बहुतेक तास तो संगणकावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ खेळण्यात घालवी. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कोणाच्या उपयोगी पडणे यांतले काहीच लाभले नाही, ही खंत त्याच्या आई-वडिलांना जाळत होती.

मुलाने मागे ठेवलेल्या पासवर्डच्या आधारे वडिलांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाची बातमी लिहिली आणि खाली आपला ई-मेल पत्ता दिला. थोड्याच वेळात पत्रे येऊ लागली आणि येतच राहिली. त्या खेळात मॅट्स ‘आयबेलिन’ या नावाने ‘स्टारलाइट’ नावाच्या एका गटात वावरत होता. त्याने कोणाला नैराश्यातून सावरले होते, एका आईला तिच्या अबोल मुलाशी संवाद साधण्याची वाट दाखविली होती, कोणाशी भांडून पुन्हा क्षमाही मागितली होती. अंत्यसंस्काराला नेदरलँड्स, फिनलंड, डेन्मार्क अशा देशांतून त्याचे सोबती ऑस्लोला आले. ज्यांना प्रवास परवडणारा नव्हता, त्यांच्यासाठी गटाने वर्गणी काढली होती. गटाच्या नोंदींत जपलेली सुमारे ४२ हजार पानांची संभाषणे हाताशी घेऊन बेंजामिन री या दिग्दर्शकाने त्याच्या आयुष्यावर अनुबोधपट केला. तो २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.

या घटनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो पासवर्ड. तो नसता, तर आयबेलिन एके दिवशी गप्प झाला एवढेच त्या सोबत्यांना कळले असते आणि आपला मुलगा एकाकी गेला, हेच दुःख उराशी धरून ते माता-पिता जगले असते. घरच्यांजवळ माणसाचा चेहरा होता, सोबत्यांजवळ त्याचे बोलणे होते. दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा फक्त मॅट्समुळे लागू शकत होता.

ज्याला सुतक नाही

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून एक कल्पना रूढ झाली. काही दुःखांना समाजाची मान्यताच नसते, असे त्यांचे म्हणणे. ते उघडपणे बोलून दाखवता येत नाही, त्यासाठी कोणी सांत्वनाला येत नाही आणि शोक करण्याचा तुमचा अधिकारच गृहीत धरला जात नाही. कधीही न भेटलेल्या सहछांदिष्टाच्या मृत्यूचे दुःख नेमके असे असते. ‘अहो, तुम्ही त्यांना पाहिलं तरी होतं का?’ या एका प्रश्नाने ते निकालात निघते. मग माणूस स्वतःच स्वतःच्या दुःखाला हसू लागतो आणि ते आत कुठेतरी साचून राहते.

आपल्या परंपरेत सुतक रक्ताच्या नात्याने मोजले जाते, हे खरे. त्या हिशेबात रेडिओमित्र बसत नाही. पण त्याच परंपरेने अंतराचा विचार केलेला आहे. दूरदेशी मृत्यू आला आणि बातमी दहा दिवस उलटून गेल्यावर कळली, तर काय करावे, याचे नियम धर्मशास्त्रात आहेत. पितृपक्षातील महालय श्राद्धात तर वाडवडिलांनंतर गुरू, शिष्य, आप्त यांच्याबरोबर मित्राचेही स्मरण केले जाते. नात्याच्या यादीत शेवटी का होईना, पण मित्राला जागा ठेवावी असे पूर्वजांना वाटले. तो मित्र डोळ्यांनी पाहिलेलाच असावा, अशी अट तेथे दिसत नाही. श्रद्धा असो वा नसो, त्यामागची समज घेण्यासारखी आहे: जो आपल्या रोजच्या जगण्यात होता, तो आपला होता.

अशा दुःखाला वाट कशी द्यावी, हे मात्र छंदच शिकवतो. अनेक क्लबांत नेटच्या वेळी दिवंगताचे चिन्ह एकदा पुकारतात, उत्तरासाठी थांबतात, आणि मग मोर्समध्ये ‘एसके’ पाठवून मिनिटभर वारंवारिता मोकळी ठेवतात. भाषणे होत नाहीत. एरवी ज्या शांततेत कोणी ना कोणी घुसतेच, ती एक मिनिट राखणे हीच तेथील श्रद्धांजली.

भिंतीवरचा कागद

यानंतर उरते ते हातांचे काम. गच्चीवर खांब आणि तारा असतात, खोलीत संच असतात, आणि पत्नीला वा मुलांना त्यातले फारसे काही उमगत नसते. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो; तो वारसाहक्काने मुलांकडे जात नाही आणि प्रक्षेपण करणारा संच परवाना नसलेल्या घरात पडून राहणे योग्य नसते. अशा वेळी मोलाची सामग्री भंगाराच्या भावाने जाते, किंवा सांत्वनाच्या निमित्ताने आलेला एखादा हावरट ती कवडीमोलाने उचलतो. म्हणून चांगल्या क्लबांतील मंडळी स्वतः जाऊन अँटेना उतरवितात, सामानाची यादी करतात, रास्त किंमत ठरवितात आणि परवानाधारक गिऱ्हाईक मिळवून पैसे घरच्यांच्या हाती देतात. त्या निमित्ताने कितीतरी जण आपल्या मित्राच्या घराची पायरी पहिल्यांदा चढतात. ज्या खुर्चीवरून तो बोलत असे, ती खुर्ची त्यांना प्रथमच दिसते. घरच्यांना वाटत असते, बाबा रात्री-अपरात्री त्या खोलीत एकटेच बसत. ते एकटे नव्हते, हे सांगायला आता कोणीतरी आलेले असते.

हे सारे घडून येण्यासाठी एकच गोष्ट आधी करून ठेवावी लागते, आणि ती कोणत्याही छंदाला लागू आहे. एका कागदावर आपले संबोधचिन्ह किंवा सोबत्यांना माहीत असलेले नाव लिहावे. त्याखाली दोन विश्वासू सोबत्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक द्यावेत. एकच देऊ नये, कारण तोही आपल्याच वयाचा असतो. कोणती वस्तू कोणाला द्यावी, कोणती विकावी आणि साधारण केवढ्याला, हे नमूद करावे. नोंदवही वा संग्रह कोणी सांभाळायचा, तेही लिहावे. आणि घरातील एका माणसाला तो कागद कोठे आहे, हे सांगून ठेवावे. मरणाच्या गोष्टी कशाला काढायच्या, असे म्हणून आपण हे टाळतो. मृत्युपत्राविषयीही आपले असेच होते. पण या कागदाने वाटणी होत नाही. आपल्या माणसांचे दोन गोतावळे, जे एरवी कधीच भेटले नसते, ते त्याने भेटतात.

दुसऱ्या दिवशी सात वाजता नेट पुन्हा भरते. हजेरीच्या यादीत आता एक चिन्ह कमी असते. संचालक वरचे नाव पुकारतो आणि खालच्या नावाकडे वळतो. सवयीने एखाद्या क्षणापुरता तो मध्ये थांबतो. त्या थांबण्याचा अर्थ नवीन आलेल्याला कळत नाही. जुन्यांपैकी कोणीच तो समजावून सांगत नाही.